सुरीपासून सुईपर्यंत

आजचा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलतात, म्हणूनच मोठ्याने बोलूया.

माझ्या मावशीच्या छातीवर एक लांब व्रण आहे. बाळंतपणानंतर दूध साचलं, गाठ झाली, आत पू झाला. लाजेपोटी ती आठवडाभर बोललीच नाही. मग भूल, मोठी चीर, रोजचं ड्रेसिंग. आणि बाळाला पाजणं सुटलं ते सुटलंच.

चीर देणं फार जुनं. सुश्रुतसंहिता सांगते: स्तनातलं गळू पिकलं की शस्त्र चालवा, पण दुधाच्या नाड्या आणि स्तनाग्र सांभाळून! १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडवर 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच गळवांचा उल्लेख होता. जखमा चिघळणं कमी झालं, चीर राहिली.

मग १९८८. ब्रिटिश सर्जन जे. एम. डिक्सन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं की, पाजणाऱ्या आईच्या गळवातला पू सुईने पुन्हा पुन्हा ओढून काढला तरी चालतं. पुढे सोनोग्राफीची जोड मिळाली. सुई कुठे जातेय ते स्क्रीनवर दिसू लागलं. सोबत अँटिबायोटिक. टाके नाहीत, आणि बहुतेकींना पाजणं चालू ठेवता येतं. गळू फार मोठं असेल किंवा वरची कातडी खराब झाली असेल, तर आजही चीर लागू शकते.

म्हणून सांगते: घरात कुणा बाळंतिणीची छाती लाल, गरम, दुखरी झाली, ताप आला, तर लाजत बसू नका. लगेच डॉक्टरकडे. मावशीच्या वाट्याला सुरी आली. तुमच्या ताईचं सुईवर भागू दे.