रॉकेट घरचं, दारू कारखान्याची

घरी रॉकेट बनवायच्या या छंदाचा पहिला नियम असा, की रॉकेट घरी बनवा, त्याचं इंजिन मात्र बनवू नका. माझ्या नातीला हे अजिबात पटत नाही. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, फुगीर नाक, वर हिरवा रंग. एवढंच आपलं, आणि उडवणारी चीज दुकानातून आणायची? मग आपण बनवलं काय? आम्ही कोलोरॅडोत राहतो आणि या छंदाचा इतिहास बराचसा इथेच घडलाय, तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. एका वाक्यात देता येईल असं ते नव्हतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेतली पोरं इंजिनं घरीच बनवत होती. धातूची नळी घ्यायची, पेटेल ते आत ठासायचं आणि लांब पळायचं. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक वर गेल्यावर तर या वेडाला ऊत आला. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळशाच्या खाणीच्या गावात होमर हिकम आणि त्याच्या मित्रांनी आपल्या टोळीला नाव दिलं ‘बिग क्रीक मिसाइल एजन्सी’. पहिल्याच प्रयोगात त्याच्या आईच्या गुलाबाच्या बागेचं कुंपण उडालं. ही मुलं पुढे शिकली, सुधारली आणि १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेऊन आली. पण कुंपणावर निभावलं नाही अशीही पुष्कळ घरं होती. कुणाची बोटं गेली, कुणाचे डोळे.

हे थांबलं पाहिजे असं वाटणाऱ्यांत जी. हॅरी स्टाइन हा माणूस होता. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे, जिथे खरी क्षेपणास्त्रं डागून पाहत, तिथे तो काम करायचा. फेब्रुवारी १९५७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये त्याने लेख लिहिला. मथळ्यात रॉकेटच्या धंद्याला त्याने जगातला सर्वांत सुरक्षित धंदा म्हटलं होतं. मुद्दा हा, की जाणकार लोक किती काळजी घेतात ते पोरांनी पाहावं. तो लेख नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या ऑर्व्हिल कार्लाइल या गृहस्थांनी वाचला. त्यांचं बुटांचं दुकान होतं, आणि शौक शोभेच्या दारूचा. भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेलं उडवायचा आणि रॉकेटविषयी भाषणं द्यायचा. त्याला दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून १९५४ मध्ये ऑर्व्हिलनी कागदाच्या नळीचं एक छोटं रॉकेट करून दिलं होतं. त्यांनी स्टाइनला पत्र लिहिलं आणि नमुने पाठवले. मोठमोठी रॉकेटं रोज पाहणाऱ्या माणसाने बुटांच्या दुकानदाराचं हे खेळणं व्हाइट सँड्सवर उडवून पाहिलं आणि खूश झाला.

त्यातली युक्ती इंजिनात होती. कागदी नळकांडं, खाली मातीचं तोंड, त्यावर दाबून बसवलेली काळी दारू. ती जळून संपली की सावकाश जळणारा एक थर. तेवढ्या वेळात रॉकेट नुसत्या वेगावर वर सरकत राहतं. शेवटी छोटासा बार, जो नाक ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. वापरलेलं नळकांडं फेकायचं, नवं घालायचं, रॉकेट तेच. आपल्या दिवाळीच्या बाणातही काळीच दारू. पण बाण बाटलीतून सुटला की कुणाच्या गच्चीवर पडेल ते देवाला ठाऊक, आणि परत तर येतच नाही. कार्लाइलनी आपल्या रॉकेटला ‘रॉक-अ-शूट’ म्हटलं आणि १९५८ मध्ये पेटंट मिळवलं.

स्टाइनने १९५७ मध्येच डेन्व्हरला कंपनी काढली. नाव ‘मॉडेल मिसाइल्स’. छंदिष्टांची संघटनाही आधी ‘मॉडेल मिसाइल असोसिएशन’च होती, मग तिने ‘मिसाइल’ सोडून ‘रॉकेट्री’ घेतलं. इंजिनं मात्र पुरत नव्हती. तेव्हा डेन्व्हरच्याच व्हर्नन एस्टिस या तरुणाने, ज्याच्या घरी फटाक्यांचा धंदा होता, एक यंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं मेबल. १९५९ च्या सुरुवातीला मेबल चालू झाली; साडेपाच सेकंदाला एक इंजिन. स्टाइनच्या कंपनीला एवढी इंजिनं नको होती, ती कंपनी लवकरच बुडालीही. एस्टिसने टपालाने थेट पोरांना विकायला सुरुवात केली आणि १९६१ मध्ये बस्तान कोलोरॅडोतल्याच पेन्रोजला हलवलं. माझ्या मते या सगळ्या कथेची खरी नायिका मेबलच आहे. उपदेशाने जे झालं नसतं ते तिने केलं. तयार इंजिन दोन-चार नाण्यांत मिळायला लागल्यावर तळघरात नळी ठासायची गरज कुणाला?

आता आमच्या हिरव्या रॉकेटकडे येतो. ते ‘ऑनेस्ट जॉन’चं मॉडेल. खरं ऑनेस्ट जॉन १९५१ मध्ये व्हाइट सँड्सवर पहिल्यांदा उडालं. ट्रकवरून डागायचं, अण्वस्त्र वाहून नेऊ शकणारं, सुमारे पंचवीस फूट लांब. नातीने ते निवडलं नाकामुळे, कारण नाक अंगापेक्षा जाड आहे आणि तिला ते विनोदी वाटलं. मला ते दुसऱ्या कारणाने पसंत पडलं. या अस्त्राला मार्गदर्शन नव्हतं. एकदा सुटलं की सरळ राहायचं काम पंखांचं आणि अंगाला दिलेल्या गिरकीचं. मॉडेलचंही तसंच. ज्या क्षेपणास्त्रांना आत मेंदू असतो त्यांचे पंख चिमुकले चालतात. त्यांची हुबेहूब नक्कल केली तर ती आकाशात कोलांट्या खाते, मग नाकात मातीचा गोळा कोंबावा लागतो, नाहीतर पंख खऱ्यापेक्षा मोठे कापावे लागतात. वजनाचा मध्य हवेच्या दाबाच्या मध्यापुढे, निदान नळीच्या जाडीइतका, हवा. पूर्वी मुलं दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगरा फिरवून बघत. १९६६ मध्ये नासाच्या जेम्स बॅरोमन यांनी हिशोबाची पद्धत छंदिष्टांपुढे मांडली. नात दोन्ही करते, आणि दोरीवरच जास्त विश्वास ठेवते.

नाइकीचं मॉडेलही घरात पडलंय. विमानं पाडायला बनलेल्या नाइकी एजॅक्सचा खालचा टप्पा पुढे शास्त्रज्ञांनी उचलला. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून भारतातलं पहिलं रॉकेट गेलं ते नाइकी-अपाचे; म्हणजे आपल्या अवकाश कार्यक्रमाचा नारळही एका क्षेपणास्त्राच्या बुडाने फुटला. हे ऐकून माझ्या पुण्याच्या मेहुण्याने फोनवर वाद घातला.

छंदाच्या सुरक्षा नियमांत मला सगळ्यात आवडणारी कलमं अशी: नळी, नाक, पंख धातूचे नकोत, कुठल्याही लक्ष्यावर नेम धरायचा नाही, पोटात स्फोटक ठेवायचं नाही. क्षेपणास्त्राचा आकार घ्यायचा तर या अटींवर. छोट्या इंजिनालाही बटण दाबणारा पाच मीटर लांब हवा, आणि आधी मोठ्याने उलटे आकडे.

सध्या आमचं भांडण पंखांवरून आहे. खऱ्या ऑनेस्ट जॉनचे पंख किंचित तिरपे, गिरकीसाठी. मॉडेलचे तसे लावले तर फिरण्यात जोर वाया जाऊन उंची कमी होणार, असं मी म्हणतो. उंची गेली तर गेली, खऱ्यासारखं दिसलं पाहिजे, असं ती म्हणते. तीन पंख तिने तिरपे चिकटवून टाकलेत, चौथ्याचा गोंद वाळतोय.