लाल-हिरव्या निशाणाखाली

भिलाईत स्थायिक झालेला मराठी माणूस या गावचा इतिहास सांगू लागला, की पोलाद कारखान्यापासून आरंभ करून स्वतःच्या सुस्थितीपाशी थांबतो. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही थोडे पुढे जाऊ इच्छितो.

शंकर गुहा नियोगी याच कारखान्यात नोकरीस होते. ती गेल्यावर ते पुढे दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांत मिसळले. जून 1977 मध्ये तेथे पोलिसांच्या गोळीबारात 11 जण पडले. सूडाची भाषा तेव्हा कोणालाही पटली असती. मजुरांनी मात्र त्या हुतात्म्यांच्या नावे, स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने, 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभे केले आणि दारूविरुद्ध मोहीम चालविली. ‘संघर्ष आणि निर्माण’ हे नियोगींचे सूत्र होते.

1990 पासून त्यांनी भिलाईतील खाजगी कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न हाती घेतला. मागण्या साध्या होत्या : जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी. म्हणजे आम्हां पगारदारांना जे आधीच लाभले होते तेच. कामगारांवर हल्ले होऊ लागले. आपल्या जिवाला धोका आहे, हे नियोगींनी ध्वनिफितीत नोंदवून ठेवले होते. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, घरात झोपले असता, खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. लाल-हिरव्या निशाणात गुंडाळलेला त्यांचा देह दल्ली-राजहरास नेला गेला.

पुढे काय करावे? शस्त्र उचलावे, तर चळवळ चिरडण्यास आयतेच निमित्त. न उचलावे, तर आणखी किती जणांना मृत्यूच्या दारी बसवावे? नेत्याने आपला प्राण पणाला लावणे वेगळे, अनुयायांचा लावणे वेगळे. 1 जुलै 1992 रोजी कामगार पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसले. (रूळ अडविणे निःशस्त्र असले, तरी निरुपद्रवी नव्हे, हे भिलाई-3 च्या रेल्वेवाल्यांना कोणी सांगावयास नको.) पोलिसांच्या गोळीबारात 16 जण मृत्युमुखी पडले, त्या दिवशी एक फौजदारही मारला गेला. हे दोन आकडे समतोल नाहीत, तरीही दुसरा गाळणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

खटल्यात 1997 साली दोषी ठरलेले उद्योगपती पुढे सुटले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली. दल्ली-राजहराचे रुग्णालय चालूच राहिले. एक जुलैला कामगार पॉवर हाऊसला जमतात. आमच्यापैकी फार थोडे तेथे कधी गेले आहेत.