सलंग ते सम्प : सांडणाऱ्या पाण्याची वाट

सुपेला हा भिलाईतला ग्रेट ईस्टर्न रोडलगतचा गजबजलेला भाग. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. इथल्या एखाद्या घरात प्रवाळ आणि क्लाउनफिश पाळायचे, तर समुद्र हातानेच तयार करावा लागतो : आरओचं पाणी आणि लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ. असं मापून बनवलेलं पाणी रात्री वीज गेल्यावर फरशीवर पसरतं, तेव्हा पैसे जातात, मासे धोक्यात येतात आणि खारं पाणी एक्स्टेन्शन बोर्डात शिरलं तर माणसाच्या जिवावरही बेततं.

जास्तीचं पाणी कुठून जाऊ द्यायचं, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. भिलाईहून रेल्वेने पश्चिमेला निघालं की राजनांदगाव, डोंगरगडनंतर गोंदिया लागतं. गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांध हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. अशा तलावाला मातीची पाळ असते, शेताला पाणी सोडायला तुडुम असतं आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सलंग, म्हणजे सांडवा. सलंग मुद्दाम पाळीपेक्षा खाली ठेवतात. पाणी पाळीवरून गेलं तर माती कापत नेतं आणि अख्खा तलाव फुटतो; सलंगावरून गेलं तर नाल्याला मिळून पुढच्या तलावात उतरतं. पाऊस कधी किती पडेल हे कुणाच्या हाती नव्हतं. पाणी कुठून जाईल, हे मात्र बांधणाऱ्याने आधीच ठरवलेलं असे.

मत्स्यालयांत हाच विचार एकोणिसाव्या शतकात आला. विल्यम आल्फर्ड लॉइड या इंग्रज जाणकाराने 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उभारलेल्या मत्स्यालयात समुद्राचं तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं. जमिनीखाली अंधारा हौद होता. पंप त्यातलं पाणी वर चढवी आणि ते टाक्यांमधून सांडत परत हौदात येई. हा हौद वरच्या सगळ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा ठेवला होता. आजचा ‘सम्प’, म्हणजे घरच्या मत्स्यटाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी, याच हौदाचं धाकटं रूप आहे.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं 1951 मध्ये. त्याचं उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केलं. पुढे 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टीही त्यांच्याच हस्ते सुरू झाली. मुंबईच्या मत्स्यालयासमोर समुद्रच होता. पोलादनगरीतल्या हौशी माणसाला मात्र लॉइडच्याच वाटेने जावं लागतं : थोडं पाणी, तेच फिरवायचं.

ही वाट घराघरांत पोचली ती 1986 मध्ये. जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकन मासिकात घरच्या प्रवाळटाकीवर लेखमाला लिहिली आणि टाकीखालच्या कपाटात फिल्टर ठेवायची पद्धत रूढ झाली. त्याबरोबर नवं संकट आलं. वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी थांबत नाही. वर चढवणाऱ्या नळीचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असलं तर तीच नळी उलटी वाहू लागते. 120 सेंटिमीटर लांब आणि 45 सेंटिमीटर रुंद टाकीतली पातळी फक्त 3 सेंटिमीटर उतरली, तरी 16 लिटर पाणी खाली येतं. खालच्या सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते फरशीवर येणारच.

उपाय सोपा निघाला : नळीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवायचं किंवा पाण्याच्या पातळीखाली लगेच एक छिद्र पाडायचं. पातळी उतरताच छिद्र उघडं पडतं, हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्ववर सगळी भिस्त ठेवलेली चालत नाही, कारण त्यात चुनखडी साचते आणि तो अडकतो. वरून खाली येणाऱ्या नळीत गोगलगाय अडकते, तेव्हा उलटं घडतं. पंप चालूच राहतो आणि वरची टाकी भरून वाहते. म्हणून 2000 नंतर हौशी मंडळींनी तीन नळ्यांची रचना रूढ केली. पहिली नळी पूर्ण भरून वाहते, दुसरी उरलेलं पाणी घेते आणि तिसरी कोरडीच राहते. तिसरीतून पाण्याचा खळखळाट ऐकू आला की पहिल्या दोघींपैकी एक तुंबली, हे घरच्यांना कळतं.

बाष्पीभवनाची तूट भरायला गोडं पाणी सोडणारा फ्लोट, म्हणजे पातळीबरोबर तरंगणारा खटका, हाही अडकतो. मग गोडं पाणी येतच राहतं, खारेपणा उतरतो आणि सम्प वाहू लागतो. त्यासाठी एकाच्या वर दुसरा फ्लोट बसवतात आणि गोड्या पाण्याचा डबा सम्पच्या रिकाम्या जागेहून लहान ठेवतात. प्रथिनांचा फेस काढणाऱ्या स्किमरचा पेला औषध टाकल्यावर अचानक उतू जातो, म्हणून त्याची नळी वेगळ्या बरणीत सोडतात.

हे सगळं जमलं की नाही, हे तपासायला वीज जाण्याची वाट पाहावी लागत नाही. सुपेल्यातल्या टाकीवाल्याने भर दिवसा पंप बंद करावा आणि पाणी पुरतं थांबेपर्यंत सम्पजवळ बसून राहावं. पाणी थांबलं तिथे काचेवर मार्करने एक रेघ ओढावी. रेघेच्या वर चार बोटं काच कोरडी उरली, तर त्या घराचा सलंग बरोबर बसला.