अलिप्त आणि असक्त

‘अलिप्त’ म्हटले की आज डोळ्यांसमोर येतो तो बाजूला उभा राहिलेला माणूस. ‘अलिप्त राष्ट्रां’मुळे तर कुणाच्याच भांडणात न पडणे हाच अर्थ या शब्दाला पक्का बसला. मुळात धातू ‘लिप्’, म्हणजे माखणे. लेप आणि लिंपणे त्यातलेच. अलिप्त म्हणजे न माखलेला. गीतेतले कमळाचे पान पाण्यापासून दूर नसते, पाण्यातच असते.

गीतेचा याहून लाडका धातू ‘सञ्ज्’, चिकटणे. संग, आसक्ती, असक्त हे सगळे त्याचे. (‘सक्तमजुरी’तला सक्त वेगळा, तो फारसी ‘सख्त’.) बाणांच्या भात्याला संस्कृतात ‘निषंग’ म्हणतात, तोही सञ्ज्‌चाच: अंगाला अडकवलेला. अर्जुनाने सोडायचा तो संग. निषंग खांद्यावर राहायचाच आहे.

संग सोडायचा, पण लढणे सोडायचे नाही, हा पेच सिमोन वेल या फ्रेंच विदुषीइतका जिवाला लावून घेणारे ख्रिस्ती विचारवंत थोडेच. जन्म ज्यू घरातला, ओढ ख्रिस्ताची, तरी चर्चच्या उंबऱ्याबाहेर थांबलेली. मार्च १९३९ मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला आणि तिचा युद्धविरोध ढासळला. १९४० च्या वसंतात तिने गीता वाचली. पुढे मार्सेयला रने दोमाल या फ्रेंच कवीकडे ती संस्कृत शिकली. तिच्या वह्यांत देवनागरी अक्षरे आहेत. तिच्या भाषेत अनासक्तीला ‘देताशमाँ’ म्हणतात, मूळ अर्थ खुंटाला बांधलेले सोडवणे. लष्करातली वेगळी काढलेली तुकडी, तीही देताशमाँच.

त्या वह्यांतले एक टिपण मला फार मोलाचे वाटते. अर्जुन आणि जोन ऑफ आर्क यांची तुलना करून ती म्हणते की तो देवाची प्रेरणा असूनही लढतो, ही देवाची प्रेरणा आहे म्हणून लढते. जोनला १९२० मध्येच संतपद मिळाले होते. आपल्याच देशाच्या संतस्त्रीबद्दल, ऐन युद्धात, असे लिहायला धैर्य लागते. ‘म्हणून’ म्हटले की देव युद्धाला चिकटतो. सगळी धर्मयुद्धे त्या एका अव्ययावर चालली. ‘असूनही’मध्ये हात रक्ताळतात, पण त्या रक्ताला पुण्य म्हणता येत नाही.

स्वतःसाठी तिने शस्त्र मागितले नाही. ऐन आघाडीवर, गोळीबारातच जखमींवर उपचार करणारी परिचारिकांची एक लहान तुकडी काढावी आणि आपल्याला तिच्यात घ्यावे, एवढे तिचे मागणे होते. लंडनमधून ‘स्वतंत्र फ्रान्स’ची चळवळ चालवणाऱ्या जनरल द गॉलच्या मंडळींनी ते मान्य केले नाही.