वाडीचा साकव

 

मंडळी म्हणाली, बुवा, शंभर वर्षांच्या ग्रंथात तुम्हीही काही लिहा. माझं शिक्षण चौथी. कीर्तनात तोंड चालतं, पण हातात पेन आला की घाम फुटतो. दिंडी कोणी काढली, पहिला वीणा कोणाच्या गळ्यात होता, हे जाणत्यांनी लिहिलंच आहे. मी साकवाचं लिहितो. दिंडीच्या वहीत त्याची एकच ओळ आहे, "वाडी साकव खर्च". पुढे आकडा आणि सही.

नवी मुंबईत वाढलेल्या आपल्या नातवंडांना साकव म्हणजे काय ते ठाऊक नाही. वहाळावरून माणसांपुरता जो लहान पूल, तो साकव. आमच्या लहानपणी ताडाचे नाहीतर माडाचे दोन सोट आडवे टाकायचे, वर बांबू बांधायचे, एका बाजूला धरायला काठी. तीन-चार पावसाळ्यांत लाकूड कुजलं की पुन्हा नवीन. ज्यांना पलीकडे जायचं ते एक दिवस जमायचे, साकव उभा राहायचा. कोणाची परवानगी नाही, कोणाचं बिल नाही.

मग 1970 साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावांच्या जमिनी शहरासाठी ठरल्या. खाडीकडची भातशेती गेली, खाडीवर मोठमोठे पूल आले. आपलं गाव पनवेलच्या पूर्वेला, माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून. इथे शहर उशिरा पोचलं. त्याच डोंगरातून गाढी नदी निघते आणि तिला मिळणाऱ्या एका वहाळापलीकडे ठाकरांची वाडी आहे. वाडीच्या लोकांनी सिमेंटच्या नळ्या टाकून वर भराव केला होता. सायकल जायची, आजारी माणसाची डोली जायची. तो रस्ता सरकारी नव्हता, वाडीचा स्वतःचा होता. ही गोष्ट पुढे नडली.

2005 सालची आषाढी करून, पौर्णिमेचा काला घेऊन आम्ही घरी आलो, त्याला पाच दिवस झाले होते. 26 जुलैला दुपारपासून आभाळ फाटलं. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. गाढीचं पाणी पनवेलात शिरलं. महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे डोंगर घरांवर आले. आपल्या वाडीचं माणूस दगावलं नाही, पांडुरंगाची कृपा. पण सकाळी बघतो तर नळ्याही नाहीत नि भरावही नाही. वरून आलेले ओंडके नळ्यांच्या तोंडात अडकले, पाणी तुंबलं आणि बाजूची माती खात सगळंच घेऊन गेलं.

मोठ्या रस्त्यांची कामं लगेच सुरू झाली. वाडीचे लोक एका कचेरीत गेले. तिथे विचारलं, हा पूल कोणत्या रजिस्टरात आहे? कुठल्याच नाही. जो पूल कागदावर नाही तो वाहून कसा जाईल? पंचनाम्यात घरं आली, भांडी आली, शेळ्या आल्या, पूल आला नाही. पोरांची शाळा महिनाभर बंद. एक बाळंतीण चार जणांनी छातीभर पाण्यातून खांद्यावर आणली. ती वाचली, मूल वाचलं नाही.

श्रावणात देवळात बैठक झाली. थोरले विणेकरी बाबा म्हणाले, दिंडीच्या नवीन तंबूचे पैसे साठलेत ते साकवाला देऊ. मी उभा राहून विरोध केला. हे लिहायला लाज वाटते, पण इतिहास लिहायचा तर लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, देवाच्या नावाने गोळा केलेला पैसा आहे, दुसरीकडे कसा घालता? आणि वाडीचं एक तरी नाव दिंडीच्या यादीत आहे का? बाबा चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू कधी त्यांना यादीत नाव घाल म्हणालास का?" मी खाली बसलो.

दिवाळीनंतर वहाळ उतरला तेव्हा काम धरलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जुने दोन गर्डर वजनावर घेतले. दोन्ही काठांना कातळ लागेपर्यंत खणलं, ते काम वाडीच्या माणसांनी केलं. त्यांचा हात कुदळीला आमच्यापेक्षा बरा. मधे खांब घालायचा नाही हे वाडीतल्या एका म्हाताऱ्याने ठरवलं, कारण खांबाला ओंडका अडकतो. पुराची खूण झाडावर अजून दिसत होती, तिच्या वर हातभर उंच दगडी बांधकाम घेतलं. वर जाड पत्रा, दोन्ही बाजूंना पाइपाचा कठडा. वेल्डर आपल्याच टाळकऱ्याचा भाचा. त्याने मजुरी घेतली नाही, जेवण मात्र दाबून घेतलं. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला पोचायचं म्हणून शेवटचे दिवस बत्तीच्या उजेडात काम चाललं. त्या वर्षी खोपोलीहून घाट चढताना आपल्याबरोबर वाडीचे दोघे होते. आळंदीत आम्ही जुन्याच तंबूत गळत्या कापडाखाली झोपलो.

पुढे 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकाळचा पूल रात्री वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसह गेल्या. तिथे नवीन पूल 165 दिवसांत बांधला. मुंबई-गोव्याचा रस्ता तो, बांधायलाच हवा होता. पण कोकणात वाड्यांचे साकव अजूनही कित्येक ठिकाणी मंजुरीची वाट बघतात. जिल्हा परिषद साकव बांधते, नाही असं नाही. त्यासाठी आधी कागद लागतो. म्हणून आम्ही वाडीच्या लोकांना ग्रामसभेत नेलं आणि साकवाची नोंद करून घेतली. चार खेपा झाल्या. माझ्या मते बांधण्याइतकंच हे काम मोठं होतं, आणि बांधण्यापेक्षा कंटाळवाणं.

2020 आणि 2021 ला पायी वारी बंद होती, माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. 2021 च्या जुलैत महाड बुडालं, तळियेवर दरड आली. त्या पावसात आपल्या वाडीचा वहाळही भरून वाहिला. पाणी गर्डरच्या वीतभर खाली होतं. वारीचा न झालेला खर्च शिल्लक होता, त्यातून एका बाजूचं ढासळलेलं बांधकाम पुन्हा करून घेतलं. या वेळी कोणी विरोध केला नाही. बाबा तोवर वैकुंठवासी झाले होते.

दर वर्षी शिमग्यानंतर वाडीची पोरं गर्डरला लाल रंग मारतात. रंगाचा डबा दिंडीकडून जातो. यंदाचा अजून द्यायचा राहिला आहे, चिटणीसांनी आठवण ठेवावी.