मांडवीची काळी वाळू

ओहोटी लागली की मांडवीच्या पुळणीवर काळे पट्टे उघडे पडतात. लहानपणी मी त्यांतून लोहचुंबक फिरवायचे आणि त्याला काळी दाढी फुटायची. आजी म्हणायची, "त्यात सोनं नाय हो बाळा. असतं तर झारेकऱ्यांनी ठेवलं असतं?"

आजोबा सोनार. दुकानाची जमीन शेणाने सारवलेली, पण तिथला केर उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही, असा घरचा दंडक. बागेसरीची, म्हणजे सोनाराच्या शेगडीची, राख, फुटक्या मुशी, कानशीखालचा कीस, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं एका रांजणात साठायचं. दिवाळी सरली की असा केर विकत घेऊन त्यातलं सोनं धुऊन काढणारे झारेकरी घाटावरून यायचे. सौदा धुण्याआधीच व्हायचा. आत किती सोनं आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि घेणाऱ्यालाही.

मग त्यांच्या बायका ओढ्यावर बसत. लाकडी काथवटीत केर घ्यायचा, पाणी घालून काथवट हलक्या हाताने गोल फिरवायची, जराशी कलती करून गढूळ पाणी सोडून द्यायचं. कोळसा तरंगून जाई, मग राख, मग माती. तळाला काळ्या रेतीची कोर उरे आणि तिच्या टोकाशी पिवळे दोन-चार ठिपके. आजी हे पोळपाट तिरका धरून करून दाखवायची, मनगट अगदी तसंच फिरायचं. पुढे त्यात पारा मळायचा, फडक्यातून पिळायचा आणि उरलेली गोळी विस्तवावर धरायची. पारा उडून जाई, सोनं राही. तो विषारी धूर त्या बायकांच्या छातीत जात होता, हे आठवलं की मला अजून टोचतं.

1848 नंतर कॅलिफोर्नियात सोनं शोधणाऱ्यांनी हेच काम लांबच लांब लाकडी पन्हळींनी केलं. तळाला आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि वरून नदीची रेती पाण्याबरोबर सोडायची. सोनं पट्ट्यांमागे अडकून बसे. आपल्याकडे चांदा-बालाघाटचे सोनझरी नदीची वाळू धूत आले. सगळ्यांचा भरवसा वजनावर. सोनं पाण्याच्या 19 पट जड, साधी रेती जेमतेम अडीच पट.

मांडवीची काळी रेती या दोहोंच्या मधली, पाण्याच्या साडेचार पटींच्या आसपास. त्यात इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. सह्याद्रीचा काळा कातळ झिजतो, काजळीसारख्या नद्या तो चुरा खाली आणतात आणि लाटा तो धूत बसतात. हलकी वाळू परतीच्या पाण्याबरोबर जाते, जड काळी मागे राहते. काथवट तीच, फक्त हात समुद्राचा. या काळ्याकुट्ट रेतीतल्या टायटॅनियमपासून भिंतींचा पांढराशुभ्र रंग होतो, हे आजीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ पदराला लागलेले कण बघत राहिली.

1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं. 14 कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. आजोबांनी बागेसरी विझवली. रांजण अर्धाच भरलेला होता. त्यानंतर झारेकरी आमच्या दारी आले नाहीत.

गेल्या वर्षी घराला फरशी घातली. दुकानाच्या खोलीतली उकरलेली माती मी मजुरांना टाकू दिली नाही. दोन गोणी भरून माडाखाली ठेवल्या आहेत. पावसाआधी त्यांवर ताडपत्री घालायची आहे.