निक ड्रेक: तीन अल्बम आणि २८ मिनिटं

मंडळी, आज इयरफोन लावूनच ऐका. निक ड्रेक, इंग्लंडचा लोकसंगीत गायक-गीतकार. १९६९ ते १९७२, अल्बम तीनच. ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’मध्ये गिटारभोवती व्हायोलिनं. ‘ब्रायटर लेटर’मध्ये ड्रम, ब्रास, भरलेलं घर. आणि ‘पिंक मून’? दोन रात्रींत रेकॉर्ड झालेला, जेमतेम २८ मिनिटांचा. फक्त तो, त्याची गिटार आणि एका गाण्यात थोडासा पियानो.

तिन्ही फारसे खपले नाहीत. १९७४ मध्ये निक गेला, वय २६. पंचवीसेक वर्षांनी ‘पिंक मून’ गाणं एका कारच्या जाहिरातीत वाजलं आणि लोक त्याला शोधत आले.

पण त्याला नुसता ‘दुःखी पोरगा’ समजू नका. त्याची बोटं ऐका. आवाज कुजबुजल्यासारखा, गिटार मात्र एकदम चोख. शफल बंद करा, तिन्ही अल्बम क्रमानं ऐका.